परमुलखातली पेरणी

गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते. फराळाचं आवरून आम्ही बायका ओसरीवर बसलो आणि विषय निघाला भाचीच्या लग्नाचा. भावाची ही थोरली लेक. एम.एस्सी. झालेली, शाळेत शिकवते, बोलायला चुणचुणीत. स्थळ सांगून आलं होतं. मुलगा बी.एस्सी. अ‍ॅग्री, निर्व्यसनी, माणसं चांगली, बारा एकर वावर, त्यातलं निम्मं ओलिताचं. सगळं जुळत होतं. खोट एवढीच की मुलगा म्हणत होता, नोकरीच्या मागे लागणार नाही, शेतीच करणार.

वहिनीने नाक मुरडलं. शेतीच करायची होती तर एवढा शिकला कशाला, असं तिचं म्हणणं. शेजारच्या काकूंनी लगेच गावातली तिशी उलटलेली, लग्न न जमलेली पोरं बोटांवर मोजून दाखवली. मैत्रिणींनो, हे तुमच्याही गावात चाललेलं असतं. एके काळी घरी शेती नसली तर मुलगी देत नसत. आता घरी शेती हवी, पण मुलाने ती करायला नको! आणि आईबापांना तरी दोष कसा द्यायचा? कापसाचा भाव, पावसाचा लहरीपणा, बँकेचं कर्ज आणि पेपरात येणाऱ्या त्या बातम्या. कुणाही आईच्या पोटात गोळा यावा अशीच परिस्थिती आहे.

मी तेव्हा काही बोलले नाही. पण वहिनीच्या त्या वाक्यावरून मला एक माणूस आठवला. आमच्याच वर्ध्याचा. तो सातासमुद्रापलीकडे जाऊन शेती शिकला, पुढे शेतीच केली, शेतीच शिकवली, आणि आज परक्या देशातल्या एका कृषी विद्यापीठात त्याचा पुतळा उभा आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या भाचीला मी त्यांची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता तिने एक प्रश्न विचारला आणि मी अडले. तो प्रश्न पुढे येईलच. आधी गोष्ट.

खानखोज्यांचा जन्म नोव्हेंबर १८८४ चा, वर्ध्याचा. वडील अर्जनवीस. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारी माणसं आपण आजही बघतो, तसला पेशा. कुणाचा सारा थकलेला, कुणाचं वावर सावकाराच्या घशात गेलेलं, असल्या कैफियती लहानपणापासून कानांवर पडत असणार. सुरुवातीचं शिक्षण वर्ध्यात झालं, पुढचं नागपुरात. पांडुरंग बारा वर्षांचा असताना १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि पंधरा वर्षांचा असताना १८९९-१९०० चा. तेव्हाच्या मध्य प्रांतात, म्हणजे आमच्या नागपूर-वर्ध्याच्या मुलखात, या दोन्ही दुष्काळांनी हाहाकार उडवला होता. कळत्या वयात जे पोर हे बघतं, त्याच्या मनात भाकरी आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी वेगळ्या राहत नसाव्यात, असं मला नेहमी वाटतं.

लोकमान्य टिळकांच्या विचारांनी त्या वेळची तरुण पोरं पेटलेली होती. पांडुरंग त्यांतलाच एक. इंग्रजांना घालवायचं तर लढाईचं शास्त्र यायला हवं आणि ते इथे शिकवणार कोण? १९०६ च्या सुमारास, विशी नुकतीच ओलांडलेला हा मुलगा बोटीत बसला आणि जपानमार्गे अमेरिकेला पोचला. खिशात पैसा नाही, कुणाची ओळखपाळख नाही. पडेल ते काम करायचं आणि शिकायचं. कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाईस नावाच्या लष्करी शाळेत त्यांनी लष्करी शिक्षण घेतलं. आणि त्याच्या जोडीने कॉलेजात शिकायला घेतली ती शेती.

इथे भाची उठूनच बसली. बंदूक आणि नांगर, दोन्ही एकदम कसं काय, असं तिला वाटलं. मला तर हेच आवडतं. गोरा साहेब गेला तरी शेतकऱ्याची चूल पेटायला हवी ना? त्यासाठी कुणीतरी शिकून तयार असलं पाहिजे, एवढा साधा हिशोब त्या मुलाने वयाच्या पंचविशीत केला होता. १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन या गावच्या सरकारी कॉलेजातून त्यांनी शेतीचं शिक्षण पुरं केलं. पुलमनच्या भोवती सगळ्या टेकड्या गव्हाच्या. हे गाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

त्याच साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्ष उभा राहिला. लाकडाच्या गिरण्यांत आणि मळ्यांत राबणारे पंजाबी मजूर, लाला हरदयाळांसारखे विद्वान आणि शिकायला गेलेली आपली पोरं, अशा सगळ्यांनी मिळून तो उभा केला. खानखोजे त्याच्या स्थापनेपासूनचे. पहिलं महायुद्ध सुरू होताच देशात उठाव करायचा, असा बेत ठरला. तो फसला. त्या बेतापायी फाशी गेलेल्यांमध्ये पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात त्यांना आणि एकोणीस वर्षांच्या कर्तारसिंग सराभाला एकाच दिवशी फाशी दिलं. खानखोजे तेव्हा दुसऱ्या आघाडीवर होते. तुर्कस्तान, इराण करत ते बलुचिस्तानच्या सीमेपर्यंत पोचले. तिथल्या लोकांना हाताशी धरून इंग्रजांशी लढले, पकडले गेले आणि निसटले. पिंगळ्यांचं जे झालं ते त्यांचंही होऊ शकलं असतं.

युद्ध संपलं. इंग्रज जिंकले. आता हिंदुस्थानात पाऊल टाकायची सोय उरली नव्हती. युरोपात काही वर्षं गेली. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे भाऊ, आणि इतर क्रांतिकारकांबरोबर ते मॉस्कोलाही जाऊन आले. पण हातात ठोस काही लागेना. वय चाळिशीकडे झुकलेलं. घर नाही, बायको नाही, देश असून नसल्यासारखा. आपल्याकडे चाळिशीतला माणूस मुलांच्या फिया आणि घराचे हप्ते यांत गुंतलेला असतो. खानखोज्यांनी चाळिशीत पाटी पुसली आणि पुन्हा श्री गणेशा केला. १९२४ साली ते मेक्सिकोत गेले. मुलूख नवा, भाषा स्पॅनिश.

मेक्सिकोच का? तिथे नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती. १९१० पासून तिथले गरीब शेतकरी बड्या जमीनदारांविरुद्ध उठले होते. त्यांचा एक पुढारी एमिलियानो झपाटा १९१९ मध्ये दग्याने मारला गेला, पण कसणाऱ्याला जमीन मिळाली पाहिजे ही त्याची मागणी मेली नाही. हळूहळू जमिनी वाटल्या जाऊ लागल्या. मेक्सिको शहराजवळच्या चापिंगोमध्ये एका माजी राष्ट्राध्यक्षाची मोठी जहागीर होती. सरकारने ती घेऊन तिथे राष्ट्रीय कृषी विद्यालय आणलं. वर्ध्याचे खानखोजे या विद्यालयात प्राध्यापक झाले.

आता थोडं मेक्सिकोच्या स्वयंपाकघरात डोकावू या, म्हणजे त्यांच्या कामाची किंमत कळेल. आपल्याकडे जशी ज्वारी तसा तिकडे मका. तिकडच्या बायका मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात. सकाळी धुऊन सालं काढायची आणि दगडी पाट्यावर वाटायचं. तो पाटाही आपल्यासारखाच, फक्त पायांवर उभा. मग त्या ओल्या पिठाच्या पातळ पोळ्या करून तव्यावर भाजायच्या. चुन्याने मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. जगात बाकी ठिकाणी मका गेला पण ही युक्ती गेली नाही. तिथे नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा वाईट आजार झाला. मेक्सिकोच्या आज्या-पणज्यांना जीवनसत्त्वाचं नाव ठाऊक नव्हतं, पण त्यांनी हजारो वर्षं घरची माणसं धड ठेवली.

शेतातही आपल्यासारखंच. मका, त्याच्या ताटावर चढणारा राजमा आणि खाली पसरणारा भोपळा, असं तिन्ही एकत्र पेरायचं. आपल्या कपाशीत तुरीच्या ओळी असतात ना, तसं. आणि मिरची? तिचं तर माहेरच ते. झणझणीत सावजी रस्सा खाणाऱ्या नागपूरकरांच्या मुलखातून गेलेल्या माणसाला तिथलं जेवण फार परकं वाटलं नसेल.

पण शेतकऱ्याची दशाही आपल्यासारखीच होती. जमीन मिळायला लागली तरी पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या वावरात राबलेल्या माणसाला बियाणं निवडणं, खत, पाणी, हिशोब हे कुणी शिकवलेलं नव्हतं. डोंगराळ उंच मुलूख, कधी पाऊस दडी मारायचा, कधी दव गोठून उभं पीक करपायचं. खानखोज्यांनी मका, गहू आणि डाळींवर काम सुरू केलं. थंडी आणि पाण्याचा ताण सोसणारे वाण तयार करायचे, हा त्यांचा ध्यास. तिथे तेओसिंते नावाचं एक जंगली गवत उगवतं. मक्याचा तो मूळ पूर्वज. दाणे अगदी थोडे आणि दगडासारखे टणक, पण गवत मोठं चिवट. खानखोज्यांनी त्याचा मक्याशी संकर केला. शेतकरी ज्याला तण समजत होता, त्याचा चिवटपणा पिकात आणता येतो का, हे त्यांना पाहायचं होतं.

विद्यालयाच्या आवारात बसून एवढंच केलं असतं तरी नाव झालं असतं. पण अर्जनवीसाच्या मुलाला ठाऊक होतं की शेतकरी कचेरीची पायरी चढायला भितो. कॉलेजची तर त्याहून भितो. म्हणून त्यांनी गावोगावी शेतीच्या मुक्त शाळा काढल्या. फी नाही, परीक्षेचा धाक नाही. शेतकऱ्यांनी यायचं, पाहायचं, करून बघायचं. एका शाळेला झपाटाचं नाव दिलं होतं. तीना मोदोत्ती या इटलीत जन्मलेल्या छायाचित्रकर्तीने या शाळांचे आणि खानखोज्यांच्या मक्याचे फोटो काढून ठेवले आहेत. रुंद काठाच्या टोप्या घातलेले, कष्टाने रापलेले शेतकरी. टोप्या काढून मुंडासं बांधलं तर यवतमाळचे वाटतील.

आणखी एका कलावंताची नजर त्यांच्यावर पडली. दिएगो रिव्हेरा, मेक्सिकोचा सगळ्यांत गाजलेला चित्रकार. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर त्याने मोठमोठी चित्रं रंगवली आहेत. १९२८ च्या एका चित्राचं नाव आहे आमची भाकरी, तिकडच्या भाषेत एल पान नुएस्त्रो. टेबलाभोवती माणसं जमली आहेत आणि मधला माणूस पाव मोडून सगळ्यांना वाटतो आहे. तो माणूस म्हणजे आपले खानखोजे. दुसऱ्या देशाच्या मंत्रालयाच्या भिंतीवर, घरच्या कर्त्या माणसाच्या जागी, वर्ध्याचा मुलगा बसवला आहे! तेव्हा त्यांचं स्वतःचं घर बसायला आणखी आठ वर्षं होती.

ते बसलं १९३६ मध्ये. खानखोजे पन्नाशी ओलांडलेले. ज्यांच्याशी लग्न झालं त्या झान सिंदिक बेल्जियमच्या, वयाने त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान. दोन मुली झाल्या. नावं ठेवली सावित्री आणि माया. मेक्सिकोत जन्मलेल्या, बेल्जियन आईच्या मुली, आणि नाव सावित्री! ज्या घराकडे परतायची वाट तीस वर्षं बंद होती, ते घर त्यांनी लेकींच्या नावात ठेवलं होतं.

आणि इथेच भाचीने तो प्रश्न विचारला. आत्या, हे सगळं त्यांचं झालं, पण त्या बाईचं काय?

मी गप्प झाले. गोष्ट मी कितीदा वाचली होती, कितीजणींना सांगितली होती, पण माझ्या सांगण्यात त्या बाईच्या वाट्याला एकच ओळ यायची, लग्नाची आणि मुलींची. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सगळं आठवत बसले, या वेळी त्यांच्या बाजूने.

१९४७ साली आपला देश स्वतंत्र झाला. खानखोजे बासष्ट वर्षांचे होते. चाळीस वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो आला आणि त्यांनी भारतात यायची परवानगी मागितली. ती आधी नाकारण्यात आली! इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं आणि स्वतंत्र देशाच्या कारकुनांनी ती यादी तशीच पुढे चालवली होती. ज्या सरकारसाठी घरदार सोडलं त्याच सरकारने दार लावून घ्यावं, याहून वाईट काय असेल? नंतर ती चूक सुधारली. खानखोजे भारतात आले, इथल्या शेतीच्या कामी सल्ला दिला आणि पुढे १९५० च्या दशकात कुटुंबासह नागपूरला कायमचे राहायला आले.

ते आले म्हणजे स्वतःच्या घरी आले. झानबाई मात्र दुसऱ्यांदा घर सोडून आल्या. पहिल्यांदा बेल्जियम सुटलं, आता मेक्सिको. मेक्सिकोचं ते पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच, बारा महिने सुखाची हवा. तिथून थेट नागपूर. मे महिन्यातलं आमचं नागपूर तुम्हाला माहीत आहे. पंचेचाळीस अंशांत आम्ही जन्मापासून राहणाऱ्या बायकाही दुपारी दाराला ओला वाळा लावून बसतो. नवरा सत्तरीकडे चाललेला, पदरी दोन मुली, आणि भोवती सगळी अनोळखी भाषा. ज्या देशासाठी नवऱ्याने तारुण्य दिलं, त्याच देशासाठी त्यांनी आपलं जमलेलं बस्तान मोडलं. त्याग हा शब्द आपण खानखोज्यांसाठी लगेच वापरतो. त्यांच्यासाठी तो मला आजवर सुचला नव्हता.

आपल्यापैकी कितीतरी जणी सासरी येताना आपलं गाव, आपली बोली, पाण्याची चवसुद्धा मागे सोडून येतात. त्याचं कुणी चित्र काढत नाही. रिव्हेराच्या त्या टेबलावर झानबाईंना जागा नव्हती, कारण चित्र आधीचं. चापिंगोतल्या पुतळ्यात त्या नाहीत. पण लेकींनी मात्र मांडून ठेवलं. दोघीही लिहित्या झाल्या. थोरल्या सावित्री साहनी यांनी वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. मराठीत वीणा गवाणकर यांनी खानखोज्यांचं चरित्र लिहिलं आहे. कार्व्हरची गोष्ट ज्यांच्यामुळे आपल्या घरोघरी पोचली त्याच या लेखिका. गावच्या वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा.

खानखोजे गेले २२ जानेवारी १९६७ रोजी. या तारखेपाशी मी दरवेळी थोडी थांबते. देशात तेव्हा धान्याची फार टंचाई होती. लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला होता आणि अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावर आपण दिवस काढत होतो. रेशनच्या दुकानासमोरच्या त्या रांगा घरातल्या थोरल्या बायकांना विचारा. १९६६ साली भारताने मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आणलं. बुटक्या ताटाचा, वाऱ्यात न लोळणारा, भरघोस ओंब्यांचा तो गहू. त्या हिवाळ्यात तो पंजाबच्या आणि आजूबाजूच्या शेतांत पेरला गेला. म्हणजे वर्ध्याच्या या माणसाने नागपुरात डोळे मिटले, तेव्हा मेक्सिकोहून आलेला गहू उत्तरेत हिरवागार उभा होता.

तो गहू खानखोज्यांनी केला असं मी म्हणणार नाही. तो नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत आले, म्हणजे खानखोज्यांच्या वीस वर्षं नंतर. पण त्या कामाचं ठाणंही सुरुवातीला चापिंगोलाच होतं. आणि गव्हाला बुटका करणारा गुण ज्या वाणातून घेतला, तो जपानी गहू वापरून केलेला संकर बोरलॉगना पाठवला होता पुलमनने. तेच गव्हाच्या टेकड्यांचं गाव! शेतीचं ज्ञान असंच असतं. एक जण जमीन भाजून ठेवतो, दुसरा पेरतो, कापणी तिसऱ्याच्या हातून होते. विरजण कुणी लावलं हे ताक पिणाऱ्याला कुठे कळतं?

सप्टेंबर २०२२ मध्ये आपले लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला मेक्सिकोला गेले होते तेव्हा चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या हस्ते खानखोज्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. बातमी आपल्याकडे आली आणि गेली. वर्ध्याच्या बसस्टँडवर विचारा, दहातल्या किती जणांना हे नाव सांगता येईल? आम्हाला तरी शाळेत कुणी शिकवलं नाही.

तर मैत्रिणींनो, ही गोष्ट मी भाचीला कशासाठी सांगितली? शेतकऱ्याशी लग्न कर, असं मी तिला सांगितलेलं नाही. तसं सांगायचा मला अधिकार नाही, वावराचं दुःख मी लांबूनच बघते. शेतीच करायची तर शिकला कशाला, या वाक्याचं उत्तर तेवढं मला द्यायचं होतं. शेती करायला जितकं शिकावं लागतं तितकं फार थोड्या कामांना लागत असेल. माती, पाणी, बियाणं, कीड, बाजार, हिशोब. एवढं सगळं जाणणाऱ्या माणसाला आपण अडाण्याचा धंदा करतो म्हणतो आणि कुठे तरी चिकटलेल्याला स्थळ म्हणून पुढे करतो.

पण तिच्या प्रश्नाने माझी गोष्टही पुरी झाली, हे कबूल करायला हवं. मी तिला शेतकऱ्याचा मोठेपणा सांगत होते, तिने मला शेतकऱ्याच्या घरातली बाई दाखवली.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. ती त्या मुलाला भेटून आली होती. हॉटेलात नको, वावरात भेटू, असं तिनेच सुचवलं. वहिनीला आवडलं नाही, पण भाऊ बरोबर गेला. मुलाने विहीर दाखवली, ठिबक दाखवलं, माती तपासल्याचा कागद दाखवला. कोणत्या तुकड्यात काय आणि का घेतो हे नीट सांगितलं. तिला ते आवडलं. मग तिने त्याला विचारलं, माझं नाव सातबाऱ्यावर लागेल का?

तो आधी हसला. मग तिचा चेहरा बघून गंभीर झाला आणि म्हणाला की वडिलांशी बोलून सांगतो. तिच्या मते त्याने लगेच हो म्हटलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. शेत वडिलांच्या नावावर आहे, तेव्हा त्यांना विचारणं बरोबरच.

अजून निरोप आलेला नाही. वहिनीच्या जिवाला घोर लागला आहे, असले प्रश्न विचारणारी पोर कोण करून घेईल म्हणून. भाची मात्र निवांत आहे. परवा तिने त्या चरित्राचं पुस्तक मागवून घेतलं. झानबाईंबद्दलची पानं आधी वाचणार आहे म्हणाली.